नव्वदावर थांबलेला टिकटिक्या

स्वयंपाकघरातल्या डावीकडच्या तिसऱ्या खणात सोळा वस्तू होत्या. कुलपं हरवलेल्या चार किल्ल्या, पाच खिळे, वाळलेली तीन पेनं, अर्ध्या जळलेल्या दोन मेणबत्त्या, दोरा तुटलेली एक जपमाळ आणि दुधाचं फॅट मोजायची एक काचेची नळी. सतरावा मी.

मित्रांनो, मी एक जुना टिकटिक्या आहे. मुठीत मावणारं, निकेलचा मुलामा दिलेलं एक मोजणीयंत्र. माझ्या तोंडावर चार बारक्या खिडक्या आहेत. अंगठ्याने खटका दाबला की टिक असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. बाजूची कळ फिरवली की चारही खिडक्यांत शून्य येतं. मला एवढंच येतं. वजाबाकी येत नाही.

कारखान्यात एका बाईने मला हजार वेळा दाबून तपासलं आणि खोक्यात ठेवलं. तिथून मी मिनेसोटात, ओस्टनडॉर्फ गावच्या डेअरीत आलो. गाड्यांमधून उतरणारे दुधाचे कॅन मोजणं हे माझं काम. मला धरणारा हात अल्विन टेरवाय याचा. कॅन मोजून झाले की तोच दुधाला फॅट लावायचा. काचेची नळी डोळ्यांसमोर धरायचा, श्वास रोखायचा आणि रेघ वाचायचा. रेघ शेतकऱ्याच्या बाजूने झुकवावी असं त्याला कधी वाटलं नाही, डेअरीच्या बाजूनेही नाही. अल्विनने लावलेलं फॅट खुद्द पोपसुद्धा बदलू शकत नाही, असं लोक चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायचे. तेव्हा मला माझ्या मालकाचा फार अभिमान वाटे.

पुढे टँकर आले, कॅन गेले आणि डेअरी बंद झाली. शेवटच्या दिवशी मी एकतीस कॅन मोजले. अल्विनने मला आणि त्या नळीला खिशात घातलं आणि घरी नेलं.

माझं दुसरं आयुष्य बेसबॉलच्या मैदानावर गेलं. ओस्टनडॉर्फचा संघ म्हणजे गावातलीच माणसं. कोणी वेल्डर, कोणी मास्तर, कोणी गाई पाळणारा. रविवारी प्रार्थना आटोपली की दुपारी सामना. होम प्लेटच्या, म्हणजे चेंडू टोलवणारा बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे जाळीला लागून एक बाक होता. त्यावर अल्विन आणि त्याची बायको बर्नाडीन बसत. आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याने, एक चेंडू फेकला की अल्विन मला एकदा दाबायचा. प्रत्येक फेकीला कोपराच्या आतला स्नायुबंध ताणला जातो. तो किती ताणला गेला हे बाहेरून दिसत नाही, म्हणून फेकी मोजायच्या. संघाचा व्यवस्थापक गेराल्ड फीडलर याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. तो म्हणायचा, की दुकानातला तराजू एक वेळ चुकेल, अल्विनचा अंगठा चुकणार नाही.

अंगठा असा, पण तोंडाचं काय सांगू? अल्विनकडे प्रत्येक गोष्टीवर मत होतं. बंट करणं, म्हणजे चेंडूला नुसता हलका धक्का देऊन आपला गडी बाद करून घेणं, हे त्याला बियाणं शिजवून खाण्यासारखं वाटे. बाद फेरीत कोणाची गाठ कोणाशी पडावी, कोणता पिचर पहिल्या दिवशी वापरावा आणि कोणता राखावा, हे तो जुलैपासून सांगायला लागायचा. तीन दिवसांच्या विश्रांतीवर कोणाला फेकायला लावणं म्हणजे पाप, असं त्याचं ठाम मत होतं. गेराल्डने न ऐकता निर्णय घेतला आणि संघ हरला, की सोमवारी अल्विन दुकानात जाऊन एकच खिळा विकत घ्यायचा आणि तासभर बोलायचा.

बर्नाडीन त्याला एकदा म्हणाली, “तुझा अंगठा मोजतो आणि तोंड मत देतं. त्या दोघांची कधी गाठ पडू देऊ नकोस.”

सव्वीस उन्हाळे ती गाठ पडली नाही.

सत्ताविसाव्या उन्हाळ्यात आमचा सर्वांत चांगला पिचर होता लाइल हिनेनकँप. अल्विनच्या बहिणीचा मुलगा, वय एकोणतीस, गोठ्यात सेहेचाळीस गाई. त्याच्या जोरावर संघ राज्य स्पर्धेत पोचला. ऑगस्टमधल्या एका सकाळी लाइल मामाच्या ओसरीवर आला आणि त्याने उजवा हात पुढे केला. धार काढताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“मामा, नव्वद झाले की मला बाहेर काढायला लाव,” तो म्हणाला. “मी स्वतःहून निघणार नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. आणि हा हात गेला तर गाई पण गेल्या.”

अल्विनने कबूल केलं. खूण अशी ठरली, की नव्वद झाले की अल्विनने डोक्यावरची टोपी काढायची. गेराल्डने ती पाहायची आणि पिचर बदलायचा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. राज्य स्पर्धेत पोचलेल्या संघाला, आसपासच्या हरलेल्या संघांमधून तीन पिचर उसने घेता येतात. कोणते तीन घ्यायचे, यावर गावात आठवडाभर दुसरं बोलणं नसतं. गेराल्डला फ्रीडहाइमचा डावखुरा ड्वेन व्हर्ट्स हवा होता. पहिल्याच सामन्यात ज्या संघाशी गाठ होती, त्यात पाच बॅटर डावखुरे होते आणि डावखुऱ्यांना ड्वेनचा चेंडू दिसत नसे. हिशोब सरळ होता. पण फ्रीडहाइम आमच्यापासून तीन मैलांवर. त्या गावाने आम्हांला चार वेळा बाद फेरीतून घरी पाठवलं होतं.

दुकानात चौदा माणसांसमोर अल्विन म्हणाला, “शेजाऱ्याच्या घोड्यावर बसून आपला नवरदेव मिरवायचा का? जिंकायचं तर आपल्या हाताने.”

“आपला हात नवव्या डावापर्यंत पुरला पाहिजे ना,” गेराल्ड म्हणाला. “तूच तर सांगतोस, पिचरची राख करू नका म्हणून.”

माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, अल्विनला आज त्याचंच औषध पाजलं. अल्विनचे कान लाल झाले. ड्वेनचं नाव यादीत गेलं.

सामना शनिवारी दुपारी होता. सहा डावांनंतर आमच्या तीन धावा होत्या आणि त्यांच्या दोन. माझ्या खिडक्यांत ००७० होते. इथपर्यंतचा प्रत्येक आकडा खरा आहे.

सातव्या डावात ड्वेन कडेला उभा राहून हात गरम करू लागला. त्याच्या अंगात आमचा निळा सदरा होता, पण डोक्यावर फ्रीडहाइमची टोपी तशीच होती. अल्विनने ती टोपी पाहिली. पुढच्या फेकीवर बॅटरने फटका मारला आणि चेंडू रेषेबाहेर गेला. असा फाउल खेळात फारसा धरत नाहीत, पण कोपरावर त्याचा ताण दुसऱ्या कुठल्याही फेकीइतकाच पडतो. अल्विनचा अंगठा माझ्या खटक्यावर आला. मला त्याचं वजन जाणवलं. तो तिथेच थांबला.

मित्रांनो, मला दाबलं तरच मी मोजतो. मला वाटलं, घामाने अंगठा घसरला असेल. पण पुढच्या फाउललाही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्यालाही. त्या डावात लाइलने बावीस चेंडू फेकले. मी तेरा मोजले.

आठव्या डावात अल्विनने फाउलचं निमित्तही सोडलं. त्याला लाइलच हवा होता, शेवटपर्यंत. अंगठा येई, टेके आणि उठे. बर्नाडीनने एकदा खाली त्याच्या मुठीकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं. लाइल दर फेकीनंतर बोटं झटकत होता आणि एकदा त्याने जाळीमागच्या आमच्या बाकाकडे नजर टाकली. टोपी डोक्यावरच होती. तो समाधानाने मागे वळला. त्या डावात त्याने एकवीस चेंडू फेकले. मी सात मोजले.

एकविसाव्याला मला दाबलं गेलं आणि खिडक्यांत ००९० आले. अल्विनने टोपी काढली. तेव्हा लाइल कोपर धरून गुडघ्यांवर बसलेला होता.

ड्वेन आत आला. उरलेले चार गडी त्याने बाद केले. आम्ही तीन-दोनने जिंकलो, आणि मैदानावर कोणीही उडी मारली नाही. त्याच्या पुढचा सामना आम्ही हरलो.

लाइलचा स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, तरी ती दोन बोटं परत आली नाहीत. किती चेंडू फेकले होते म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा लाइलने मामाकडे पाहिलं.

“नव्वद,” अल्विन म्हणाला. त्याने मला खिशातून काढून दाखवलंही.

लाइलने माझा आकडा वाचला. मग म्हणाला, “नव्वदातच गेलं म्हणजे कोपरच कच्चं होतं. तू काय करणार, मामा.”

मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण मला वजाबाकी येत नाही तशी वाचाही नाही.

घरी आल्यावर अल्विनने मला तिसऱ्या खणात टाकलं. बर्नाडीन मागे उभी होती. ती म्हणाली, “शून्य करायचं राहिलं.”

“राहू दे.”

तिने खण बंद केला. पुढच्या उन्हाळ्यापासून अल्विन मैदानावर गेला नाही. गुडघे दुखतात, असं तो सांगायचा. गेराल्डच्या दुकानात खिळे घ्यायला जाणंही बंद झालं. दोन वर्षांत लाइलच्या गोठ्यातल्या सेहेचाळीसही गाई गेल्या आणि तो शाळेची बस चालवू लागला. माझ्या कळेवर गंज चढला. वर्षातून एकदा बर्नाडीन खण पुसायची, मला उचलायची, माझा आकडा बघायची आणि परत ठेवायची. अशी अकरा वर्षं गेली.

अकराव्या हिवाळ्यात तिने जेवणाच्या टेबलावर एक बातमी सांगितली. लाइलची मुलगी कोरिन चौदा वर्षांची झाली होती. शाळेच्या मुलींच्या संघात तिला पिचर व्हायचं होतं. मुली चेंडू खालून फेकतात, तरी लाइलने नाही म्हटलं होतं. आपल्या घराण्यातली कोपरंच कच्ची, तुझाही हात जाईल, असं त्याने तिला सांगितलं होतं. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती.

अल्विनने काटा खाली ठेवला. बर्नाडीन त्याच्याकडे न बघता म्हणाली, “बटाटे गार होताहेत.”

दुसऱ्या दिवशी त्याने लाइलला बोलावून घेतलं. लाइल आला तेव्हा मी टेबलावर होतो. अल्विनने आधी माझ्या कळेला तेलाचा थेंब दिला होता. त्याने मला हातात घेतलं.

“हे नव्वद खोटे आहेत,” तो म्हणाला. “मी मधले दाबले नाहीत. ड्वेन नको होता मला. पण डोक्यात मोजत होतो, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. आता दाबतो. तू ऐक.”

आणि तो एकेक सांगत मला दाबू लागला. सातवा डाव, दुसरा बॅटर, फाउल. टिक. तोच बॅटर, परत फाउल. टिक. त्याला सगळं आठवत होतं. कोणता चेंडू उंच गेला, कोणता मातीत पडला, कोणत्या फेकीनंतर लाइलने बोटं झटकली. मध्ये एकदा तो थांबला आणि म्हणाला, “हा तू माझ्याकडे पाहिलंस त्याच्या नंतरचा.” टिक. तेवीस वेळा आवाज झाला. माझ्या खिडक्यांत ०११३ आले. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडावर खरं होतं आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

लाइलने धड असलेल्या तीन बोटांनी मला उचललं.

“अकरा वर्षं मी या हाताला शिव्या दिल्या, मामा.”

लाइलने मला खिशात टाकलं आणि तो उठला.

“कोरिनला खेळू देतो,” दारात उभं राहून लाइल म्हणाला. “मोजायला तू येऊ नकोस.”

त्याच्या खिशात बसून मी त्या घरातून बाहेर पडलो.

मित्रांनो, मत असणं वाईट नाही. कोण जिंकावं, कोणाला खेळवावं, कोणाला बसवावं, हे खुशाल बोला. मलाही ओस्टनडॉर्फच जिंकावंसं वाटायचं. पण तुमच्या हातात कधी मोजायचं साधन आलं, फूटपट्टी असो, तराजू असो वा माझ्यासारखा एखादा टिकटिक्या, तर तेवढा वेळ मत बाजूला ठेवा. पलीकडे कोणाचा तरी हात तुमच्या आकड्यावर विसंबून असतो. साधन वापरून झालं की ते पुसा आणि शून्यावर आणून ठेवा.

वसंतात शाळेच्या मैदानावर कोरिनचा पहिला सामना झाला. मर्यादा साठ ठरली होती. होम प्लेटमागच्या बाकावर बसून लाइलने कळ फिरवली. मी शून्यावर आलो. बर्नाडीन त्याच्या शेजारी होती. तिच्या पलीकडची जागा रिकामी होती. कोरिनने साठ चेंडू फेकले, त्यांतले अकरा फाउल गेले. मी साठ मोजले आणि लाइलने टोपी काढली.

मैदानाच्या टोकाला कुंपण आहे. ते होम प्लेटपासून किती फुटांवर आहे, तो आकडा त्यावर रंगवलेला असतो. अल्विन त्या आकड्याच्या मागे, कुंपणाबाहेर उभा होता. दोनशे फूट.