सर रुपर्टची आत्या

माझा भाऊ सेप्टिमस आमच्या गावचा पाद्री. त्याच्याइतका भला माणूस अख्ख्या लिंकनशायर परगण्यात सापडायचा नाही. मी त्याची थोरली बहीण लव्हिनिया. लग्न केलं नाही. त्याचं घर सांभाळते आणि लंडनच्या एका मासिकात पुरुषाच्या नावाने कादंबरी लिहिते. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या गावाला ठाऊक आहे. कादंबरीचं मात्र फक्त सेप्टिमसला ठाऊक, आणि ते त्याला पसंत नाही.

त्या हिवाळ्यात संपादकांनी कळवलं की तुमचा खलनायक सर रुपर्ट फारच सभ्य आहे, वाचक जांभया देतात. पुढच्या अंकात त्याने अंगावर काटा आणला नाही, तर कादंबरी तिथेच बंद. मला रडू कोसळलं. त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. त्यात मी चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरले आणि उजवा हात मोडून बसले.

"तू सांग, मी लिहून घेतो," सेप्टिमस म्हणाला. नाक मुरडलं नाही, उपदेशही केला नाही.

मी सांगू लागले. सर रुपर्ट इस्टेटीसाठी आपल्या म्हाताऱ्या आत्याच्या वाइनमध्ये सोमलाचं विष कालवतो.

सेप्टिमसने टाक खाली ठेवला. "वाइनमध्ये नको."

"का? पाप लागेल?"

"पकडला जाईल. जेवताना चार माणसं असतात. सकाळच्या पहिल्या चहात घालावा. माणूस अर्धवट झोपेत असतो, चव कळत नाही. चहा तेवढा जरा कडक करायचा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"आणि ही आत्या फार गोड आहे, लव्हिनिया. इतक्या गोड बाईला कोण कशाला मारेल? तिला बोलू दे की जरा."

मग तो स्वतःच लिहीत सुटला. आत्या रुपर्टचं वाक्य मध्येच तोडते, पाहुण्यांसमोर त्याच्या चुका काढते, तो गाऊ लागला की उठून खोलीचं दार लावून घेते. रुपर्ट प्रत्येक वेळी हसून "बरोबर आहे, आत्या," म्हणतो आणि सकाळी कप घेऊन जिना चढतो. लिहिताना आमचा पाद्री गालातल्या गालात हसत होता. कान लालबुंद झाले होते.

"काय कजाग बाई आहे," मी म्हणाले. "हिला मारायलाच हवं."

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला.

अंक निघाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. सर रुपर्टला फासावर बघायला जो तो आसुसलेला. कादंबरी आणखी वर्षभर चालवा, असा संपादकांचा निरोप आला. मी आनंदाने सेप्टिमसचे गालच ओढले.

"मुंगीलाही न दुखवणारा तू," मी विचारलं, "इतका विखार आणलास कुठून?"

"तू मनात येईल ते बोलून मोकळी होतेस. मी वीस वर्षं गिळतोय. ते जातं कुठे, असं वाटतं तुला?"

"आणि आत्या? ती आपली चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाईच ना?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला. खोटं बोलणं त्याला जमतच नाही. मग मला मी लावून घेतलेलं दार आठवलं, पाहुणे आठवले.

"मी?"

"कितीतरी वर्षांपूर्वी ईस्टरच्या प्रवचनात तू पुढच्या बाकावरून माझी चूक सुधारलीस ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हा चहाचं पहिल्यांदा सुचलं. क्षमा कर."

मला फार लागलं, खोटं कशाला सांगू? तोंडावर बोलते म्हणून मी स्वतःला सरळ समजत होते, आणि त्याला नुसता भोळा. जेवायलाही खाली गेले नाही.

सकाळी रोजच्यासारखी दारावर टकटक झाली. सेप्टिमस खाली मान घालून उभा होता, हातात माझा चहा. मला विष घालावं असं ज्याला इतकी वर्षं वाटत होतं, त्याने एक सकाळ न चुकवता मला चहा आणून दिला होता. माझे डोळे भरून आले. असं प्रेम मला तरी जमलं नसतं.

मी कप रिकामा करून त्याच्या हातात दिला.

"परवाचं तुझं प्रवचन भयंकर कंटाळवाणं होतं," मी म्हणाले. "हे गिळू नकोस. टाक घे आणि लिही."