चालता क्रेन

माहुलच्या राजाराम कोळ्याला होडी विकायची नव्हती, पण विकण्यावाचून इलाजही दिसत नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही नजर पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि मुलगा विकी पलीकडच्या बंदरात नोकरीला चिकटला होता. होडी मागत होती ती धाकटी लेक सपना. बाईमाणसाने मासळी विकावी, सुकाणू धरू नये, हा राजारामचा जुना हेका. पण बायकोने, द्रौपदीने, इतकं डोकं खाल्लं की शेवटी त्याने अट घातली. संध्याकाळी धोंडिराम नावाचं गिऱ्हाईक होडी बघायला येणार होतं. त्याआधी सपनाने मोबाइलला हात न लावता आपली जागा शोधून दाखवायची; दाखवली तर होडी तिची.

जागा म्हणजे जिथे खुंट रोवून जाळं लावायचं ती घराण्याची जागा. समुद्रात पाटी लावता येत नाही, म्हणून किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायच्या. मागे देवळाच्या कळसावर रिफायनरीची चिमणी आली पाहिजे, आणि समोर घारापुरीच्या डोंगराच्या कडेला बंदराचा शेवटचा क्रेन. ही समोरची खूण मात्र सारखी बदलत आली होती. राजारामच्या लहानपणी तिकडे नुसती खाजणं, भरतीच्या पाण्याची दलदल होती. मग चार क्रेन उभे राहिले, समुद्रात भराव पडत गेला, रांग लांबत गेली, आणि दर वेळी राजारामला खूण नव्याने बसवावी लागली. बंदराला शिव्या घालायच्या आणि भरवसाही त्याच्याच क्रेनवर ठेवायचा, असा त्याचा संसार चालला होता.

सकाळी पाण्यावर धुरकं होतं. शेवटचा क्रेन भलताच बाहेर दिसतोय, असं सपना म्हणाली. राजारामला वाटलं, पोरगी घाबरली. शेवटचा म्हणजे शेवटचा, असं म्हणून त्याने सुकाणू आपल्या हातात घेतलं आणि क्रेन डोंगराच्या कडेला धरून होडी हाकली. बराच वेळ झाला तरी खुंटाला बांधलेला तरंगता बोया काही दिसेना.

"बाबा, क्रेन चालतोय," सपना म्हणाली.

"क्रेन कधी चालतो का गो?"

तेवढ्यात धुरकं विरळ झालं. क्रेनच्या पायांखाली धक्का नव्हता, जहाज होतं. तीन क्रेन, माहुलच्या टॉवरांपेक्षा उंच, सरळ उभेच्या उभे जहाजावर बसून बंदरात राहायला निघाले होते. आणि त्यांच्या वाटेत, मोठ्या जहाजांच्या रस्त्याच्या मधोमध, आपली होडी.

भोंगा छातीत घुमला. राजारामचे हात सुकाणूवर थिजले. सपनाने ते ओढून घेतलं, होडी गर्रकन वळवली आणि लाटेला तोंड देऊन धरली. जहाज शेजारून जाऊ लागलं, ते संपेचना. क्रेनच्या सावलीत पाणी काळं पडलं. राजारामने मान मागे टाकली तरी वरचं टोक दिसेना. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या, त्याच्यापुढे त्याचे हात आपसूक जोडले गेले. माणसांनी हे केलं, आपल्यासारख्याच दोन हातांच्या माणसांनी, या विचाराने त्याला भरून आलं. भीतीही वाटली. हे थांबणार नव्हतं, आणि आपल्याला तर साधी खूण धरता येत नव्हती.

जहाज पुढे गेल्यावर सपनाने क्रेनकडे पाहिलंसुद्धा नाही. घारापुरीच्या कडेला मागच्या डोंगररांगेतली एक खाच तिने जुळवली आणि सरळ बोयापाशी होडी नेली. ही खूण तिने कधी शोधून ठेवली होती, कोण जाणे. राजाराम जाळं ओढू लागला.

संध्याकाळी धोंडिराम दारात आला. राजारामने त्याला बसायला खुर्ची दिली आणि आत द्रौपदीला चहा टाकायला सांगितलं.

"होडी कुठं हाय?" धोंडिरामने विचारलं.

"होडी हाय किनाऱ्यावर," राजाराम म्हणाला. "पण मालकीण घरात नाय. मासळी विकायला गेलीय."