शेताकडची दारं

नांदुऱ्यापासून दोन कोसांवर जिनाची वस्ती होती. मधोमध कापसाचा जिनिंग कारखाना, त्याचं उंच धुरांडं आणि शेजारी मजुरांच्या काळ्या दगडी घरांच्या दोन ओळी. ही घरं पुंजाजी गवंड्यानं तरुणपणी बांधली होती, आणि उलटी बांधली होती. कंपनीच्या साहेबानं दिलेला नकाशा त्यानं खालचा वर धरला, म्हणून कारखान्याकडे उघडायची दारं शेतांकडे उघडली. भोंगा झाल्यावर कोण घराबाहेर पडतं हे साहेबाला बंगल्यातून पाहायचं होतं. त्याला दिसल्या नुसत्या पाठभिंती. त्यानं पुंजाजीला त्याच दिवशी हाकललं. बायको मनकर्णाबाई जिनात कामाला होती, म्हणून पुंजाजीला पुढची चाळीस वर्षं त्यातल्याच एका घरात काढावी लागली. कुणी घरांचा विषय काढला की तो तंबाखू मळत उठून जाई.

महाराष्ट्र राज्य झालं आणि दोन-तीन वर्षांनी जुन्या गावांचा इतिहास लिहायला पुण्याहून भगवंतराव नावाचे प्राध्यापक आले. घरं पाहून ते हरखलेच. शाळेपुढच्या सभेत त्यांनी सांगितलं, की धूर आणि कापसाची धूळ घरात शिरू नये म्हणून त्या दयाळू साहेबानं दारं मुद्दाम पलीकडे ठेवली.

पुंजाजीला राहवेना. तो उभा राहिला.

"साहेबाची नाही जी, ते माही करणी हाय. नकाशा म्याच उलटा धरला होता."

लोक हसले. पोलीस पाटील हिंमतराव म्हणाले, म्हातारपणी नाव कमवायची हौस आली. प्राध्यापकांनी सौम्यपणे विचारलं, काही कागद आहे का. कागद होता, पण तोच तर समजला नाही, असं पुंजाजीनं सांगताच हशा आणखी वाढला. जन्मात पहिल्यांदा त्यानं चूक कबूल केली, आणि गावात बढाईखोर ठरला.

घरी मनकर्णाबाईनं भाकर वाढली. "चाळीस वर्सं माह्या चुलीवर कापूस उडून नाही आला," ती म्हणाली. "मंग चूक कायची?"

पुढं पुस्तक छापून आलं. शाळेचे अर्जुनराव मास्तर वाचून दाखवत होते. एका ओळीपाशी अडखळले, पण वाचलं: 'या रचनेचं श्रेय एक वृद्ध गवंडी स्वतःकडे घेतो. त्यास पुरावा नाही.'

"हा म्हातारा म्हंजे मीच ना जी?" पुंजाजीनं विचारलं.

मास्तरांनी ओशाळून मान हलवली.

पुंजाजीनं ती ओळ परत वाचायला लावली. मग तिच्यावर बोट ठेवून, ते जराही न हलवता, पुस्तक मनकर्णाबाईला दाखवायला घेऊन गेला.