कडी आणि खुंटी

आमच्या बाथरूमच्या दाराला सहा वर्षं कडी नव्हती. त्यामुळे घरात प्रत्येकाचं आंघोळीचं गाणं ठरलेलं होतं. मामाचं सुरात नव्हतं पण लांब होतं, आईचं गाणं म्हणजे नुसतं खोकणं, आणि माझं दर महिन्याला बदलायचं. गाणं थांबलं की बाहेरच्याने पाच मोजून दार ढकलायचं, असा नियम. कडी चोरीला वगैरे गेली नव्हती. ती दारापासून तीस पावलांवर, घराच्या पुढच्या अंगाला असलेल्या गॅरेजात, खिळ्याला टांगलेली होती. मामाने ती उपटून, कानशीने घासून तिचं हत्यार केलं होतं.

ते हत्यार कशाला, हे सांगायचं तर इंजिन उघडावं लागेल. थोडक्यात उघडते. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याच्यावर पिस्टन वरखाली होतात. वर दोन दांडे फिरतात, ते व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. या तिघांना एकत्र बांधून ठेवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. ती बदलताना तिन्ही दांडे जागच्या जागी गप्प उभे राहायला हवेत. एखादा सरकला तर नंतर गाडी चालू करताना पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो आणि इंजिनाचे बारा वाजतात. वरच्या दोन्ही दांड्यांच्या टोकाला एकेक खाच असते. दोन्ही खाचांत मिळून एक जाड पट्टी सरकवली की ते हलत नाहीत. मामाची पट्टी म्हणजे आमची कडी.

गॅरेज मामाचं, त्यामुळे इंजिन मामाच उघडायचा. आई ब्रेक, क्लच, ऑइल बघायची. बारा वर्षं ती ब्रेक आणि क्लचच बघत होती. मग मामाच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात गळ्यात आला, आणि मामा स्टुलावर बसून हुकूम सोडायला लागला. तोंडाचं ऑपरेशन राहिलं, असं आई म्हणायची.

मामाचं ड्रेसिंग करायला एक सिस्टर यायच्या. घरोघरी जाऊन चौदा पेशंट बघायच्या, छोट्या निळ्या गाडीतून. एके सकाळी त्या निघाल्या, गाडी चालू केली, आणि पहिली दहा सेकंदं पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला. मामाने आतूनच निदान केलं की चेन ताणलीय, तुटायच्या आत बदला. स्वतःच्या खांद्याकडे बघून त्याने पुढे असंही सांगितलं की गाडी नाक्यावरच्या दाढीवाल्याकडे द्यावी. दाढीवाला इंजिनाचं काम करतो आणि दोन वर्षांपासून आमच्याकडे भागीदार म्हणून यायला टपून बसलाय.

आई म्हणाली, "मी करते."

मामाने अट सांगितली. हे इंजिन नीट चालू झालं तर आतला इंजिनाचा कोपरा कायमचा आईचा. काही मोडलं तर दाढीवाला भागीदार म्हणून येईल आणि आई ब्रेकवर, पुन्हा हा विषय नको. आईने मान हलवली. सिस्टर म्हणाल्या, चार दिवस मी भावाच्या स्कूटरवर काढीन, पण पाचव्या दिवशी त्याची बायको मला घरात घेणार नाही.

मामाची पद्धत सोपी होती. माझ्या दप्तरातला व्हाइटनर घ्यायचा, जुन्या साखळीवर आणि दातांच्या चाकांवर पांढरे ठिपके द्यायचे, कडी सरकवायची, नवी साखळी ठिपक्याला ठिपका लावून बसवायची. मी पाचवीत असल्यापासून माझा एकही व्हाइटनर वहीसाठी संपलेला नाही.

आईने मला घेऊन गाडीखाली टॉर्च मारला. इंजिनावरचा नंबर मी वाचून दाखवला, शेवटचं अक्षर तेलाने झाकलं होतं ते नखाने खरवडून. मग आम्ही त्या इंजिनाची माहिती शोधून वाचली, म्हणजे मी वाचली आणि आईने तीन तीनदा विचारलं. त्यात एक गोष्ट निघाली. या इंजिनात खालच्या दांड्यावरचं चाक खाचेत अडकवलेलं नाही. नुसत्या एका बोल्टच्या दाबावर धरलेलं आहे. बोल्ट सैल केला की चाक दांड्यावर मोकळं फिरतं. म्हणजे व्हाइटनरचे ठिपके चाकावर राहतील, पण चाकच कुठच्या कुठे गेलेलं असेल.

मामा म्हणाला, असली इंजिनं बनवणाऱ्यांनी आधी लग्न करून बघावं, नुसत्या दाबावर काय काय टिकतं ते कळेल. मामाने लग्न केलेलं नाही.

हत्यारांच्या दुकानदाराने दोन पेट्या दाखवल्या. एक मोठी, सगळ्या गाड्यांना चालणारी, बघूनच भूक लागावी अशी. दुसरी लहान, काळी, याच जातीच्या इंजिनांसाठी. आईने मोठीतली पट्टी बोटांत धरून बघितली आणि ठेवून दिली. सगळ्यांना चालणारी वस्तू कुणालाच घट्ट बसत नाही, एवढंच म्हणाली. लहान पेटीत होती खाचांची पट्टी, साखळी ताणून धरणारा तुकडा दाबून ठेवायची पिन, आणि खालचा दांडा नेमक्या जागी अडवणाऱ्या दोन खुंट्या. दोन्ही एकाच कागदात गुंडाळलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. मी केसांच्या लाल रिबिनीचे तीन तुकडे केले आणि एक खुंटी, पट्टी, पिन या तिघींना एकेक बांधला. यातलं काहीही आत विसरून गाडी चालू केली तर संपलंच. तीन रिबिनी आत जाणार, तीन बाहेर येणार.

आईने झाकणं काढली, रिबीन बांधलेली खुंटी उचलली आणि इंजिनाच्या बाजूच्या भोकात फिरवून बसवली. सुरेख बसली. मामा स्टुलावरून म्हणाला, बसली की बरोबर. हे आमच्या गॅरेजचं ब्रीदवाक्य, भिंतीवर लिहायचं तेवढं राहिलंय. आईने दांडा खुंटीला टेकेपर्यंत हळूहळू फिरवला. मग वर पट्टी सरकवायला घेतली.

पट्टी जाईना. एका खाचेत जायची, दुसरीच्या तोंडाशी अडायची. फरक एखाद्या कागदाएवढा. आईने पाना लावून वरचा दांडा किंचित हलवून बघितला, पुसून बघितलं, उलटी करून बघितली.

मामाचं म्हणणं असं की जुनी साखळी ताणलेली, थोडं इकडेतिकडे होणारच. हातोडीची एक टिचकी मार. आई म्हणाली, नको. मग मामा उठला, खिळ्यावरची कडी डाव्या हाताने काढली आणि आईसमोर धरली. आईने ती घेतली, सरकवली. कडी लोण्यात सुरी जावी तशी दोन्ही खाचांत गेली.

मला हायसं वाटलं. मामा स्टुलावर परत जाऊन असा ताठ बसला की जणू नवीन स्टूल मिळालंय. आईला आता फक्त बोल्ट सोडायचा होता. तिने बोल्टवर पाना चढवला आणि तसाच ठेवला. मग दोन बोटांनी कडी धरून वरखाली केली. बारीक टकटक झाली.

"दादा, ही बसली नाही. सैल आहे म्हणून आत गेली. पट्टी अडते म्हणजे खालचा दांडाच चुकीच्या जागी थांबलाय."

आईने पाना खाली ठेवला आणि खुंटी फिरवून बाहेर काढली. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "वकीलबाई, लांबी सांग."

वकीलबाई हे माझं नाव मामाने ठेवलंय, कारण मी जास्त बोलते. आई ते कधी वापरत नाही. त्या दिवशी वापरलं.

गॅरेजात लांबी मोजायचा एक व्हर्नियर आहे. मामा त्यातली मोठी पट्टी वाचतो आणि दशांशांची बारकी सोडून देतो. मला शाळेत बारकीच शिकवलीय, आणि आमच्या बॅचमध्ये ती न चुकता वाचणारी मी एकटी. मी खुंटी तीनदा मोजली. एकोणचाळीस पॉइंट चार. मग पेटीतली दुसरी मोजली. अडतीस पूर्ण. पेटीतल्या कागदावर आमच्या इंजिनाच्या शेवटच्या अक्षरापुढे अडतीस लिहिलं होतं. लांब खुंटी आमच्या इंजिनाच्या थोरल्या भावाची, म्हणजे त्याच जातीच्या मोठ्या इंजिनाची होती. भोक तेच, आटे तेच, फक्त दीड मिलिमीटरला जरा कमी एवढी लांब, म्हणजे दांडा तेवढा अलीकडेच थांबला होता. कडी लावून साखळी बसवली असती तर तेवढी चूक आतच पक्की झाली असती.

हे सगळं मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामा व्हर्नियर मागून घेऊन बारकी पट्टी बराच वेळ बघत राहिला.

आईने कडी काढून परत खिळ्याला टांगली आणि मी थोरलीची रिबीन सोडून धाकटीला बांधली. धाकटी खुंटी लावली, दांडा तिला टेकवला, वर पान्याने केसभर जोर दिला. नवी पट्टी दोन्ही खाचांत गेली आणि गच्च उभी राहिली, हलवूनही हलेना. मग पुढचं काम नुसतं काम होतं. जुनी साखळी निघाली, नवी चढली, बोल्ट मापाने आवळला, पिन काढल्यावर ताण बसला. आईने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, परत खुंटी, परत पट्टी. पट्टी परत गेली. ते बघायला मामा स्टुलावरून उठून आला होता.

दुपारी झाकणं लागली. सिस्टर दाराशी पर्स छातीशी धरून उभ्या. आई सीटवर बसली, किल्लीवर हात, आणि काचेतून माझ्याकडे बघून म्हणाली, "रिबिनी?"

मी तिन्ही वर धरल्या. "तीन."

गाडी चालू झाली. पहिली दहा सेकंदं आम्ही सगळे मान वाकडी करून उभे होतो. खिळ्यांचा आवाज नव्हता. सिस्टर म्हणाल्या, अहो, ही चालू तरी आहे का. मग त्या बसल्या आणि निघून गेल्या, कारण दोन पेशंट राहिले होते.

मामाने आईला शाबासकी वगैरे दिली नाही. त्याने दाढीवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की इंजिनाचं बघायला आमच्याकडे माणूस आहे. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मामा म्हणाला, "बहीण आहे माझी."

मग त्याने खिळ्यावरची कडी, चार स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घरात गेला. डाव्या हाताने बसवायला त्याला पाऊण तास लागला. मदतीला गेले तर हाकलून दिलं. कडी थोडी तिरकी लागलीय आणि घासून बारीक झाल्यामुळे लावल्यावरही टकटक हलते. पण दाराला तेवढं चालतं. संध्याकाळी आई आंघोळीला गेली, आणि बराच वेळ तिच्या खोकण्याचा आवाज आला नाही.