कुंडलिककाकांना माफ करण्याचा प्रयोग

झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे पाम संडेची, उपासना संपली आणि कुंडलिक उजागरे सूचना वाचायला पुढे आले. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या गळ्यातला पीटीचा मास्तर काही निवृत्त झाला नव्हता. मुलुंडच्या त्या लहानशा मराठी चर्चचे ते सेक्रेटरी. ते बोलायला लागले की मागच्या बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा नकळत ताठ बसायची.

"उत्तम शुक्रवार! सात वचनं, सात वक्ते! प्रत्येकी दहा मिनिटं, घंटा माझ्याकडे! पहिलं वचन, रश्मी अमोलिक!"

मंडळीत कौतुकाची कुजबुज झाली. प्रभू वधस्तंभावरून सात वेळा बोलला, त्यातल्या एकेका वचनावर गुड फ्रायडेच्या दुपारी एकेकाने बोलायचं, ही जुनी रीत. आजवर हा मान पिकल्या केसांना मिळायचा. रश्मीचे केस काळेभोर होते आणि त्या क्षणी मुळापासून उभे राहिले होते.

कारण पहिलं वचन क्षमेचं. खिळे ठोकणाऱ्यांना माफ कर, आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही, असं प्रभू देवबापाला विनवतो. आणि माफी तर कुणी मागितलेलीच नसते. हातोडा खाली ठेवून "सॉरी हं, जरा जोरात लागलं" असं एकही शिपाई म्हणत नाही. ते आपले खाली बसून त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत असतात.

आणि रश्मीने जगात एकाच माणसाला माफ केलेलं नव्हतं. तोच आत्ता समोर उभा राहून तिचं नाव पुकारत होता.

गोष्ट पेटीची होती. रश्मीचे पप्पा, विद्याधर अमोलिक, चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पेटी त्यांची स्वतःची, त्यांच्या आईने घेऊन दिलेली. भाता जरा धापा टाकायचा, पण सूर असा की बेसूर माणसालाही गावंसं वाटावं. दोन वर्षांपूर्वी पप्पांची बायपास झाली. ते हॉस्पिटलात असताना कुंडलिककाकांनी चर्चसाठी चकचकीत कीबोर्ड आणला आणि जागा अडते म्हणून पेटी जालन्याकडच्या एका खेड्यातल्या मंडळीला दान करून टाकली. विचारलं नाही की सांगितलं नाही. पप्पा टाके सांभाळत पहिल्यांदा उपासनेला आले आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले. काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "विद्याधर, प्रभूच्या कामाला गेली! तू आता आराम कर!"

रश्मीने त्या खेड्यात फोन लावला होता. पेटी तिथूनही कुणा फिरत्या कीर्तनकाराबरोबर पुढे गेली होती. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून पप्पांची बोटं जेवणाच्या टेबलावर वाजत असत.

रश्मी पवईच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. न तपासलेल्या नमुन्याचा निकाल तिने आयुष्यात कधी दिला नव्हता. मग न केलेल्या क्षमेवर मंडळीसमोर बोलायचं कोणत्या तोंडाने?

"पप्पा, मी नाही म्हणून सांगू का?"

"कुंडलिकला? त्याला नाही ऐकूच येत नाही गं."

"पवित्र शास्त्रात दोन्ही सापडतं हो. एका ठिकाणी म्हटलंय, भाऊ चुकला तर त्याला चूक दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर माफ कर. सरळसरळ अट आहे. आणि वधस्तंभावर अटच नाही! मग खरं कुठलं?"

"दोन्ही करून बघ. तुझं कामच ते."

"तुम्ही केलंत माफ त्यांना?"

पप्पांनी टेबलावर एक छोटी तान घेतली. "रोज करतो. सकाळी जमतं. संध्याकाळी त्या कीबोर्डचा ढिंच्याक ठेका आठवतो, की परत पहिल्यापासून."

बुधवारी ऑफिस सुटल्यावर रश्मी थेट काकांच्या घरी गेली. काका बनियनवर बसून टीव्हीवरच्या कबड्डीतल्या चढाया दुरुस्त करत होते. नंदाकाकूंनी कोकम सरबत आणून दिलं. रश्मीने एक घोट घेतला आणि सुरुवात केली.

"काका, तुम्ही पप्पांची पेटी न विचारता देऊन टाकलीत. ते चुकलं."

"कोणती पेटी?"

या भेटीची रश्मीने मनात कितीदा तरी तालीम केली होती. तालमीत काका कधी रागवायचे, कधी रडायचे, एकदा तर गुडघ्यांवर आले होते. "कोणती पेटी" हा प्रवेश कुठल्याच तालमीत नव्हता.

"हार्मोनियम, काका!"

"अच्छा, ती! अगं, झकास झालं की! त्या लोकांकडे काहीच नव्हतं. आणि विद्याधरला तो भाता ओढायचा म्हणजे छातीवर ताण. मी त्याला वाचवला म्हण ना."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"कशाचं?"

परीक्षानळी उजेडात धरून बघावी तसं रश्मीने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुठे गढूळपणा, तळाशी काही साका? काही नाही. माणूस मनापासून विचारत होता. अटीचा प्रयोग तिथेच बोंबलला. राहिला बिनअटीचा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तरीही मी तुम्हाला माफ करते."

काकांनी टीव्ही बंद केला. "काय करतेस?"

"माफ."

"मला?"

"हो."

"तू?"

लिटमसचा कागद बुडवल्यासारखे काकांचे कान टोकापासून लाल होत आले. "मी मागितली होती माफी? नंदा, मागितली होती का मी?"

"छे हो," नंदाकाकू म्हणाल्या. "तुम्ही कुठे मागता? लग्नापासून बघतेय."

"ऐक! आणि ही काल जन्मलेली पोर माझ्या घरात येते, माझं सरबत पिते आणि मलाच अपराधी ठरवून मोकळी होते!"

"मी अपराधी म्हटलं नाही काका, मी माफ केलं म्हटलं."

"मग माफ कुणाला करतात? निरपराध्याला?"

तर्क बिनचूक होता. काका उठले, सावधानच्या पवित्र्यात उभे राहिले आणि त्यांनी एक हात वर केला.

"पण मी ख्रिस्ती माणूस आहे. पवित्र आठवडा चालू आहे. तू आज माझा जो अपमान केलास त्याबद्दल, रश्मी, मी तुला माफ केलं!"

"मला? कशाबद्दल? मी काय केलं?"

वाक्य तोंडातून सुटलं आणि रश्मीच्या कानावर आदळलं. तोच सूर, तोच चेहरा. तेच निर्मळ, दुखावलेलं आश्चर्य.

"बघितलंस?" काका विजयाने नंदाकाकूंकडे वळले. "पश्चात्तापाचं नाव नाही. तरी केलं! याला म्हणतात क्षमा."

"सरबत संपव गं," नंदाकाकू म्हणाल्या.

तिने ते कसंबसं संपवलं आणि सलाम करून बाहेर पडली. जिन्यात एक वळण घेते न घेते तोच तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिला वाटलं रडू, पण निघालं हसू, तेही साधं नाही. ती कठडा धरून वाकली, पायरीवर बसली, उठली, परत बसली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन एक बाई वर येत होत्या, त्या थबकल्या.

"अगं, बरं आहे ना तुला?"

"मला माफ केलं!" रश्मी हुंदक्यासारखं हसत म्हणाली.

"मग चांगलं झालं की," बाई म्हणाल्या आणि भिंतीला चिकटून पुढे गेल्या.

कोपऱ्यावरच्या बागेत एक बाक रिकामं होतं. उचकी थांबेपर्यंत बसावं म्हणून ती बसली, आणि बसलीच आहे तर म्हणून तिने मोबाइलवर पहिलं वचन उघडलं. पाठ होतं. पण पाठ झालेल्या गोष्टी कुणी नीट वाचत नाही. आज तिने पहिल्यांदा बघितलं, की हे वाक्य बोललंय कुणाशी.

शिपायांशी नाही. प्रभूने खाली बघून "मी तुम्हाला माफ करतो" असं एक अक्षर उच्चारलेलं नव्हतं. तो बापाशी बोलला. शिपायांना सांगितलं असतं तर हातोडेवाल्याने मान वर करून विचारलंच असतं, "कशाबद्दल?" रश्मीला पुन्हा उचकी लागली.

आणि ते "त्यांना कळत नाही." तिला आजवर ती उगाच दाखवलेली दया वाटायची, वकिलाने अशिलासाठी केलेल्या रदबदलीसारखी. आता कळलं, ते निरीक्षण होतं. तो चेहरा ती नुकताच डोळ्यांनी बघून आली होती. एक चेहरा काकांचा, आणि दुसरा, हे जरा बोचलं, तिचा स्वतःचा.

तिने इकडेतिकडे बघितलं. बागेत कुणाचं लक्ष नव्हतं.

"बापा," ती हळूच म्हणाली, "कुंडलिककाकांना माफ कर. त्यांना खरंच कळत नाही. मी तपासून आले."

पेटी गेली ती गेलीच होती. न विचारता देणं चूक होतं, आणि तो निकाल बदलला नव्हता. पण काकांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप कधी उगवतोय, यावर दोन वर्षं तिने जो पहारा दिला होता त्यातून तिची सुटका झाली. बाकावरून उठताना तिला वाटलं, वजन केलं तर काटा नक्की कमी दाखवेल. घरी जाताना ती फुटपाथवरचे पेव्हर एक सोडून एक असे ओलांडत गेली, चोवीस वर्षांच्या एमएस्सी बाईला न शोभेल अशी.

उत्तम शुक्रवारी चर्च पांढऱ्या कपड्यांनी गच्च भरलं होतं. पहिल्या बाकावर काका एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात घंटा घेऊन बसले होते. रश्मी उभी राहिली. तिने पेटीचं नाव काढलं नाही.

"मला आधी वाटायचं, क्षमा म्हणजे समोरच्याला जाऊन सांगायची गोष्ट," ती म्हणाली. "मी सांगून बघितलं. सांगू नका." मंडळीत खसखस पिकली. "दोन माणसांत समेट व्हायचा तर पश्चात्ताप लागतो, कारण समेटाला दोघं लागतात. त्यासाठी ती अट आहे, आणि ती खरी आहे. पण प्रभूने त्या दुपारी समेटाची वाट बघितली नाही. त्याने ते शिपाई बापाच्या हवाली केले. तेवढं एकट्याला जमतं. खिळे अजून हातात असतानाही जमतं. मी कसंबसं एकदा केलंय. परत करावं लागेल, असं एका अनुभवी माणसाने मला सांगितलंय."

तिसऱ्या बाकावर पप्पांची बोटं गुडघ्यावर थांबली.

रश्मीकडे जेवढं होतं तेवढं बोलून झालं. काकांनी घड्याळाकडे बघितलं, घंटेकडे बघितलं. वेळ संपायच्या आधी वक्ता संपण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

"अजून वेळ आहे!" ते अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले.

"एवढंच आहे, काका."

नंदाकाकूंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे गदगदायला लागले, मग शेजारणीचे. रश्मीने गालाची आतली बाजू दाताखाली धरली आणि चपला कुणाच्या आहेत ते ओळखत असल्यासारखी खाली बघत जागेवर येऊन बसली.

उपासनेनंतर काकांनी तिला आणि पप्पांना अंगणात गाठलं.

"छान बोललीस! आखूड, पण मुद्देसूद!" त्यांनी पप्पांच्या पाठीवर थाप मारली. "विद्याधर, मी बुधवारी हिला मोठ्या मनाने माफ केलं ना, म्हणून एवढं सुचलं. आपण करून दाखवल्याशिवाय पोरं शिकत नाहीत."

रश्मीच्या आत जुनी कळ बारीक आवाज करून उठली. अगदी ओळखीची, बरोबर त्याच जागी. तिने मान वर केली, काकांच्या डोक्याच्या बरीच वर, आणि ओठ न हलवता बुधवारचं बागेतलं वाक्य पुन्हा म्हटलं. पप्पांनी तिच्याकडे बघितलं, काय चाललंय ते त्यांना कळलं आणि त्यांनी घाईघाईने रुमालात नाक खुपसलं.

"वर काय बघतेस?" काकांनीही मान वर करून विचारलं. "कावळा आहे का?"

"नाही काका," रश्मी म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आवरेना. "तुमचंच काम होतं. झालं."