धाकटी उपाशी राहिली तेव्हा

मी एक जुनी काचेची नळी आहे, मित्रांनो. उंचीला तुमच्या करंगळीएवढी. पण एका अख्ख्या समुद्राचा निकाल माझ्या पोटात लागतो!

हा समुद्र म्हणजे दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची काचपेटी. तिच्यात चार मासे आणि एक हिरवं प्रवाळ. ते दिसतं झुडपासारखं, पण असतो तो प्राणी. दवाखाना नवरा-बायकोचा. बाई मुलांच्या डॉक्टर, साहेब दातांचे. बाईंनी प्रवाळ नखाएवढं असताना आणलं होतं. त्याला त्या लाडानं ‘धाकटी’ म्हणत.

माझं काम सोपं. पेटीतलं पाणी माझ्यात घेऊन वर औषधाचे थेंब टाकायचे. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात नायट्रेट तयार होतं. ते फार झालं तर मी गडद गुलाबी होते, बेताचं असलं तर फिकट, आणि मुळीच नसलं तर कोरीच राहते.

दिवसभर आयांना “भरवा हो बाळाला” असं सांगणाऱ्या बाई माशांनाही भरवतच राहिल्या. मासे फुग्यासारखे फुगले, काचेवर शेवाळ चढलं, धाकटी तपकिरी पडली. मी तर इतकी गडद झाले की कुणीतरी चारचौघांत माझं लग्न ठरवलंय असं वाटावं!

“तुझ्या लाडांनी वाट लावली,” साहेब म्हणाले. “आता मी बघतो.”

मग काय विचारता! घासणं, गाळणं, पाणी बदलणं. माशांना चिमूटभर खाणं, तेही नाइलाजानं. शेवटी मी कोरी राहिले. साहेब आनंदानं ओरडले, “शून्य! कणभर घाण नाही!” त्यांनी मला प्लास्टरच्या जबड्याशेजारी कपाटात मानानं बसवलं. मान मिळाला, पण काम गेलं. पाणी तपासायचं कुणाच्या मनातही येईना.

इकडे धाकटीचा रंग उडत चालला. साहेब खुशीत म्हणाले, “बघ, कशी पांढरीशुभ्र दिसतेय!”

“अहो, ते दात नाहीत!” बाई कडाडल्या. “कडेचं मांस झडायला लागलंय तिचं. उपाशी आहे पोर!”

“पण पाणी किती स्वच्छ आहे!”

“ताटही स्वच्छच असतं, त्यात काही वाढलं नाही तर!”

साहेब चष्मा सावरून काचेशी वाकले. प्रवाळाच्या अंगात न दिसणारं बारीक शेवाळ राहतं, मित्रांनो. तेच त्याला रंग देतं आणि खाऊही. त्या शेवाळाला थोडं नायट्रेट लागतंच.

बाईंनी खाण्याचा डबा उचलला, तोच साहेबांनी त्यांचा हात धरला. “अगं, एकदम ओतू नकोस. हळूहळू वाढव. मीही घासणं कमी करतो.”

“आणि आधी नळीला विचारायचं,” बाई म्हणाल्या.

मी कपाटातून खाली आले. धाकटीला सावरायला कित्येक महिने लागले, पण ती पुन्हा हिरवी झाली. झडलेली कड मात्र भरली नाही.

आता दोघं मला खिडकीपाशी उजेडात धरतात.

“जरा जास्तच गुलाबी आहे.”

“चष्मा पुसा आधी. फिकटच आहे.”

भांडतात, पण माझ्याकडे बघून भांडतात. मित्रांनो, तुमच्या घरीही अशी पेटी असेल तर भरवण्याआधी आणि घासण्याआधी पाणी तपासा. आणि काम झालं की मला स्वच्छ धुऊन ठेवा. कालचा रंग अंगाला चिकटून राहिला, तर आज मी खरं कसं सांगू?