चौदाच्या चौदा

भट्टीचं दार उघडलं तेव्हा आत मातीची चौदा डोकी होती. वरच्या थरात पाच, मधल्या थरात पाच आणि खाली चार. धाकटीने एकेक बाहेर काढून टिचकी मारली. सगळी खणखणीत वाजली. कानामागे, मानेत, हनुवटीखाली, कुठेही तडा नव्हता.

याआधीच्या सहा भट्ट्यांत मिळून तिने एकाहत्तर डोकी भाजली होती. त्यातली एकोणतीस धड निघाली. ओढ्याकाठची माती मोठी हट्टी. पाणी पिताना पोटभर पिणार, वाळताना अंग चोरणार आणि जिथे जाडी कमी-जास्त असेल नेमकी तिथे चिरणार. याच मातीत काम करायचं, असं दोघी बहिणींनी चार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. ताईने खणायचं, भिजवायचं, चाळायचं, मळून पिंपात भरायचं, धाकटीने घडवायचं. ताई घडवलेल्या डोक्याला बोट लावत नसे आणि धाकटी मातीच्या खोलीचा उंबरठा ओलांडत नसे.

त्यामुळे धाकटीला वाटलं, अखेर आपला हात बसला. ती ताईच्या गळ्यातच पडली.

"पुरे," ताई म्हणाली. "राख लागतेय." आणि बादली उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी डोकी खोक्यांत भरायला बसली. दहा दिवसांनी प्रदर्शन होतं. तिथे फक्त स्वतः खणलेल्या मातीची कामं घेत होते आणि तसं प्रत्येकाने लिहून, खाली सही करून द्यायचं होतं. खोकी जुन्याच मापाची होती. पहिलं डोकं आत ठेवलं तर माथा वर राहिला. दुसऱ्याचंही तेच. एकाही खोक्याचं झाकण बसेना.

ताई दारात उभी होती.

"मावत नाहीत गं," धाकटी म्हणाली.

"मोठी केली असशील."

"ओली असताना तीस सेंटीमीटर. मापाची काठी लावून करते मी, तुला माहितीये. आपली माती शेकडा बारा आकसते. ही दोन सेंटीमीटर उंच भरतायत."

"मग भट्टी कमी तापली असेल. तुझं आपलं काहीतरीच. फुटली की रडतेस, नाही फुटली की फुटपट्टी घेऊन बसतेस."

"पिंपात काय घातलंस, ताई?"

"माती."

"कुठली?"

ताईने पदराला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "चार वर्षं तुझी फुटकी डोकी मी ओढ्यात नेऊन पुरतेय. पाठीचा पार भुगा झाला. आणि आता मलाच विचारतेस, कुठली?"

"मला सही करायचीय म्हणून विचारतेय. आणि माझा हात खरंच बसला का, तेही कळायला हवं. विकतची माती तर कोणाच्याही हातून फुटत नाही."

"ओढ्याचीच आहे." ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ. झालं समाधान?"

हात जड होता, गार होता. धाकटीने मान हलवली. लहानपणापासून ताईने तिची खोटी शपथ कधी घेतली नव्हती; आईचा मार खाल्ला, पण नाही घेतली.

तरी ती सही काही होईना. दोनदा पेनाचं टोपण काढलं, दोनदा लावलं. शेवटी फावडं घेऊन ती एकटी ओढ्यावर गेली, ताई नेहमी खणायची त्याच खड्ड्यातून तिने गोळाभर माती काढली, भिजवली, चाळली, मळली. मग ताई बाहेर गेल्यावर उंबरठा ओलांडून पिंपातला गोळा घेतला. दोन्हींच्या सारख्या जाडीच्या वड्या थापल्या आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर सुईने दहा सेंटीमीटरची रेघ ओढली.

वड्या पाच दिवस वाळल्या. मग दोन्ही एकाच भट्टीत, एकाच थरात, शेजारी शेजारी भाजल्या. पूर्ण गार झाल्यावर तिने त्या खिडकीपाशी नेऊन रेघांवर फुटपट्टी ठेवली आणि प्रत्येक रेघ तीनदा मोजली.

खड्ड्यातल्या मातीची रेघ ८.८ सेंटीमीटर भरली. पिंपातल्या मातीची ९.४.